नववीला ऑटोमोबाईल घेऊ द्यावे का? साखळीच्या एका आईला उत्तर

गोव्यातल्या साखळीहून एका आईने विचारले आहे. मुलगी आठवीत आहे. शाळेत नववीपासून दोन व्यावसायिक विषय मिळतात, ऑटोमोबाईल आणि आयटी. मुलीला ऑटोमोबाईल हवे. वडील पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, आता टॅक्सी चालवतात. त्यांचा ठाम नकार आहे. शेजारपाजारचे म्हणतात की हे विषय अभ्यासात कच्च्या मुलांसाठी असतात. आईला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: पुढे सायन्सची वाट बंद होईल का, आणि दोन वर्षांत मुलगी खरोखर कशाला तरी तयार होईल का.

ताई, आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. शाळेचे वर्कशॉप खरोखर चालते हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर तिला ऑटोमोबाईल घेऊ द्या. गणित आणि विज्ञान मात्र सुटू देऊ नका, कोणी कितीही समजावले तरी. हे दोन विषय राहिले की सायन्स, डिप्लोमा, आयटीआय या सगळ्या वाटा मोकळ्या राहतात. दोन वर्षांत ती मेकॅनिक होणार नाही आणि कोणी तशी अपेक्षाही ठेवू नये. पण हातात घेतलेले काम शेवटापर्यंत नेण्याची सवय तिला लागू शकते, आणि माझ्या मते या वयात तीच मोठी गोष्ट आहे. मी २७ वर्षे या कामात आहे. आधी हायर सेकंडरीत ऑटोमोबाईलचा व्होकेशनल वर्ग शिकवला, नंतर नववी-दहावीच्या प्रशिक्षकांबरोबर शाळाशाळांतून फिरलो. त्यात चांगले आणि वाईट जे दिसले, तेच सांगतो.

शाळेने दिलेल्या कागदावर एनएसक्यूएफ असे लिहिलेले असेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये लागू केलेली ही कौशल्यांची प्रतवारी आहे. मूळ आराखड्यात नववीला पहिली पायरी, दहावीला दुसरी, बारावीपर्यंत चौथी अशी मांडणी होती. प्रत्येक विषयाला एक जॉब रोल, म्हणजे ज्या कामाची तयारी करून घ्यायची त्याचे नाव, जोडलेला असतो आणि ते नाव वाचून पालक बिचकतात. ऑटोमोबाईलला ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन, आयटीला डोमेस्टिक डेटा एंट्री ऑपरेटर, शेतीला सोलॅनेशियस क्रॉप कल्टिव्हेटर. हे शेतीवाले नाव मी एका पालकसभेत वाचले तेव्हा सभा गप्प झाली. ते वांगी, मिरची, टोमॅटोचे पीक आहे म्हटल्यावर मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘मग असे सांगा ना, भात कापले की आम्ही तेच लावतो.’ तेव्हा नावावर जाऊ नका. पुस्तकाच्या सुरुवातीला एम्प्लॉयबिलिटी स्किल्स नावाचा भाग असतो: संवाद, स्वतःचे नियोजन, संगणकाचा वापर, उद्योजकता आणि पर्यावरणाशी जुळणारी कामे. मुले तो पाठ करून मार्क मिळवतात आणि विसरतात. पुढे तयारीबद्दल बोलताना मी त्याच्याकडे परत येईन, कारण तो भाग पुस्तकातून शिकवायचा नसतोच.

आता ‘ढ मुलांचा विषय’ या बोलण्याबद्दल. ते कुठून आले हे कळले तर त्याची भीती कमी होईल. हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेपासून आहे. गांधीजींची नयी तालीम ती हीच. कोठारी आयोगानेही १९६४ ते १९६६ च्या काळात कार्यानुभवाचा आणि माध्यमिक स्तरावर व्यवसाय शिक्षणाचा आग्रह धरला. पण प्रत्यक्षात १९८८ च्या केंद्रीय योजनेने व्होकेशनल आले ते दहावीनंतरची वेगळी शाखा म्हणून. सायन्सला प्रवेश नाही मिळाला, कॉमर्सलाही नाही, मग व्होकेशनल. जूनमध्ये माझ्या टेबलासमोर बसलेली मुले अशा क्रमाने आलेली असायची, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसायचे. शाखा वाईट नव्हती. तिथे पोचायचा रस्ता नापासाच्या दारातून काढला, म्हणून तो शिक्का बसला. आताची रचना निराळी आहे. नववीचा हा विषय इतर विषयांच्या बरोबरीने, त्याच वर्गातली मुले घेतात. २०२० चे शैक्षणिक धोरण तर सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय स्थानिक कारागिरांकडे न्यायला सांगते, आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे त्यात लिहिलेले होते. गोव्यात सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आले तेही त्याच दिशेने. तेव्हा शेजाऱ्यांना रागावू नका. त्यांनी जे पाहिले ते खरे होते, फक्त ते मागच्या पिढीचे आहे.

माझा एक विद्यार्थी गणितात नापास होत होत अकरावी व्होकेशनलला आला होता. बारीक माप घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर हातात दिला की तो बाजूला सरकायचा. एकदा मी त्याला पिस्टनची पिन मोजायला लावली. मुख्य पट्टीवर २४, खालच्या पट्टीवर सतरावी रेघ जुळलेली, एक रेघ म्हणजे ०.०२ मिलिमीटर. सतरा गुणिले ०.०२ त्याला येईना. मी त्याला रुपये आणि पैसे सांगितले: दोन पैशांच्या सतरा वस्तू किती पैशांच्या? चौतीस. मग चोवीस रुपये चौतीस पैसे. ‘म्हणजे २४.३४?’ त्याने विचारले आणि तीच पिन पुन्हा चार वेळा मोजली. दशांश चिन्ह त्याला पाचवीत भेटले होते, पण ते कशासाठी असते हे त्याला कोणी दाखवले नव्हते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत हे उलट बाजूने घडेल, आणि म्हणूनच सायन्सची वाट बंद होण्याऐवजी रुंद होईल असे मला वाटते. दहावीच्या विज्ञानात विजेचा धडा आहे. हेडलाइटचा बल्ब ५५ वॉटचा, बॅटरी १२ व्होल्टची, तर प्रवाह साधारण ४.६ अँपिअर. वर्गात हे एक उदाहरण असते. वर्कशॉपमध्ये तोच आकडा मनात धरून फ्यूज निवडायचा असतो, आणि चुकीचा निवडला तर वायर तापते आणि वास येतो. अकरावीला पास्कलचा नियम येतो, बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा. ज्या मुलीने ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून पाहिला आहे, तिला पायाच्या थोड्या दाबाने जड गाडी कशी थांबते हे फळ्यावर समजावून सांगावे लागत नाही. फक्त अट एकच, आणि ती मी पुन्हा सांगतो: व्यावसायिक विषय घेतला म्हणून गणित किंवा विज्ञान सोडता येते, किंवा एखाद्या विषयाच्या जागी हा विषय धरला जातो, असे कोणी तोंडी म्हणाले तर तेवढ्यावर थांबू नका. कोणता विषय कशाच्या बदल्यात चालतो याचे बोर्डाचे परिपत्रक असते. ते शाळेच्या कार्यालयात मागा, वाचा आणि प्रत घरी ठेवा. दहावीचा निकाल हातात आल्यावर अकरावी सायन्सच्या खिडकीवर ‘तुमच्याकडे गणित नाही’ हे ऐकलेल्या पालकांना मी रडताना पाहिले आहे.

आता वर्कशॉपकडे येतो. माझ्या अनुभवात यश-अपयशाचा बहुतेक भाग इथेच ठरतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी जानेवारीत गेलो. नववीच्या मुलांच्या वह्या सुंदर होत्या, क्लचचे चित्र रंगवलेले, नावे सुवाच्य. क्लच प्लेट कुणी पाहिली आहे का विचारले तर कोणाचाच हात वर येईना. कंत्राटावरचे प्रशिक्षक सप्टेंबरात दुसरी नोकरी मिळाली म्हणून गेले होते. किल्ली त्यांच्याकडून मुख्याध्यापकांकडे आली, तिथून कपाटात गेली आणि हत्यारांच्या कपाटाचे कुलूप पुन्हा उघडलेच नाही. गणिताच्या शिक्षिका बिचाऱ्या पुस्तक वाचून धडे देत होत्या. मुलांचा त्यात काही दोष नव्हता आणि खरे तर त्या शिक्षिकेचाही नव्हता. पण त्या मुलांना नववीत काय मिळाले? एक चांगली वही. प्रशिक्षक कंत्राटी असतात, त्यांचे मानधन कमी आणि नोकरी अस्थिर असते, म्हणून ते टिकत नाहीत. या योजनेतली सगळ्यात दुखरी जागा मी हीच मानतो. जोवर हाताला वळण लावणाऱ्या माणसाला पुस्तक शिकवणाऱ्याइतका मान आणि पगार मिळत नाही, तोवर कितीही चांगले अभ्यासक्रम छापले तरी कपाटे बंदच राहतील.

म्हणून फॉर्म भरण्याआधी प्रॅक्टिकलच्या दिवशी शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटाच, पण खरी माहिती दहावीची मुले देतील. त्यांना विचारा, मागच्या महिन्यात तुम्ही स्वतः काय उघडले आणि काय पुन्हा बसवले? नट-बोल्ट फिरवायचे पाने नवेकोरे आणि चकाकणारे असतील तर ते कोणी वापरत नाही. ग्रीसचे डाग असलेला फडका, नावे लिहिलेले हत्यारांचे बोर्ड, एका इंजिनाभोवती चार-पाचच मुले, अशी दृश्ये मला आश्वासक वाटतात. तीस मुले एका स्कूटरभोवती उभी असतील तर मागच्या वीस जणांना फक्त पाठी दिसतात. प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे हे मुलांना विचारा. ती लगेच बोटाने दाखवतील तर प्रशिक्षक चांगला आहे.

दहावीनंतरच्या वाटा थोडक्यात. सायन्स घेऊन बारावी हा एक मार्ग तुम्हाला माहीतच आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा दहावीनंतर करता येतो, आणि तुमच्यासाठी मये येथील सरकारी पॉलिटेक्निक घरापासून फार दूर नाही. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. फर्मागुढीच्या सरकारी कॉलेजात असे विद्यार्थी दरवर्षी असतात. आयटीआयबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे त्याला उगाच शेवटचा थांबा समजतात. डिचोलीला आयटीआय आहे, सत्तरीत होंड्याला आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जागा मिळू शकते. म्हणजे दहावी, आयटीआय, डिप्लोमा, डिग्री अशी शिडी आहे आणि प्रत्येक पायरीवर उतरून कमावता येते, पुन्हा चढताही येते. घरची परिस्थिती बेताची असताना माझ्या काही विद्यार्थ्यांनी हीच शिडी धरली. मध्ये दोन वर्षे कुंडईच्या कारखान्यात काम केले आणि मग शिकायला परतले. गोव्यात समुद्रकिनाऱ्यापासून औषधांच्या कारखान्यांपर्यंत सगळीकडे थंड हवा लागते, त्यामुळे रेफ्रिजरेशनवाल्याला पावसाळ्यातही काम असते. हॉटेलचा पर्यटन हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे; पण फ्रीजला हंगाम नसतो.

तारवर, म्हणजे जहाजावर नोकरीला, जायचे स्वप्न आपल्याकडे बऱ्याच घरांत असते म्हणून एक सांगतो. जहाजावरच्या रेटिंगच्या, म्हणजे खलाशाच्या, कोर्सला दहावीत विज्ञान, गणित आणि इंग्रजी लागते, आणि रंगांधळेपणा असला तर वैद्यकीय तपासणीत तिथेच थांबावे लागते. डोळे नववीतच तपासून घ्या. एजंटाच्या हाती पैसे देऊन झाल्यावर तपासायला जाणारी कुटुंबे मला भेटली आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ती तयार होईल का? कशाला तयार, हे आधी ठरवू. वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांतल्या सुपरवायझरांशी मी वर्षानुवर्षे बोललो. नवीन मुलांबद्दल तक्रार काय, असे विचारले की ‘कौशल्य नाही’ हे क्वचितच येते. येते ते असे: वेळेवर येत नाही, सांगितलेले समजले नसले तरी मान डोलावतो, चूक झाली की लपवतो, दर दहा मिनिटांनी फोन बघतो. कौशल्य आम्ही शिकवू, हे शाळेतून यायला हवे, असे ते म्हणतात. मला त्यांचे अर्धे पटते. अर्धे पटत नाही, ते कशामुळे हे सांगतो.

वेळेवर येण्याचे घ्या. सत्तरीतल्या एका गावातला माझा विद्यार्थी वेर्ण्याच्या एका कारखान्यात अप्रेंटिस लागला. पहिली पाळी सकाळी सातची. गावातून पहिली कदंब बस सुटायची त्या वेळेला तो कारखान्याच्या दारात असायला हवा होता. पहिले दहा दिवस भावाने मोटरसायकलवर वाळपईपर्यंत सोडले, तिथून एका टेम्पोवाल्याने पणजीपर्यंत. मग भावाची पाळी बदलली. महिना भरायच्या आत मुलगा घरी. कारखान्याच्या नोंदवहीत शेरा: अनियमित. तो मुलगा वर्गात एक दिवस चुकला नव्हता. त्याला तयार करायला आम्ही दोन वर्षे घालवली आणि पहाटे साडेचारला घर सोडून तिथे पोचायचे कसे, हा प्रश्न एकदाही विचारला नाही. तेव्हापासून मी दहावीच्या मुलांना एक गृहपाठ देतो. तुम्हाला जिथे काम करायचे आहे ती जागा ठरवा, बसचे वेळापत्रक घ्या, आणि सकाळच्या पाळीला पोचणे जमते का ते स्वतः जाऊन पाहा. जमत नसेल तर तिथे खोली घेऊन राहण्याचा खर्च काढा आणि पगारातून वजा करा. मुले हे फार मन लावून करतात. काही जणांचे ठरवलेले क्षेत्रच बदलते. घराजवळ, डिचोली किंवा होंड्याला मिळणारे थोड्या कमी पगाराचे काम हातात जास्त पैसे ठेवते हे त्यांना स्वतःच्या हिशेबातून कळते.

चूक लपवण्याचेही असेच. सर्व्हिस सेंटरमध्ये प्रशिक्षणाला गेलेल्या एका मुलाकडून ऑइलच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले. त्याने बोल्टला टेप गुंडाळून बसवला आणि गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी गाडीखाली तेलाचे थारोळे. त्याला काढून टाकले. मी त्याला विचारले, सांगितले का नाहीस? तो म्हणाला, ‘सर, शाळेत चूक सांगितली की मार्क जातात.’ या उत्तराने मला बरेच दिवस झोप लागली नाही. नंतर आम्ही प्रॅक्टिकलच्या वहीत शेवटचे पान राखून ठेवले: आज माझ्याकडून काय बिघडले, मी ते कोणाला आणि केव्हा सांगितले. वेळेत सांगितले तर मार्क कापायचे नाहीत, उलट द्यायचे. एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा तो पाठ मुलांच्या अंगात उतरताना मी पाहिला तो याच पानावर. तुम्ही हे घरीही करू शकता. तिने काही मोडले आणि येऊन सांगितले, तर पहिले वाक्य रागाचे नको.

‘समजले नाही तरी मान डोलावतो’ याचे मूळ भाषेत आहे. आपल्या भागातली बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, पाचवीपासून इंग्रजी. घरी मराठी किंवा कोंकणी, मॅन्युअल इंग्रजीत, आणि कारखान्यात सुपरवायझर हिंदीत ओरडतो. मुलाला शब्द तिन्ही भाषांतले येतात, पण विचार कोणत्या भाषेत करायचा हे कळत नाही. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. दर आठवड्याला जे शिकली ते तिने घरी मराठीत समजावून सांगावे. क्लच दाबल्यावर आत काय सुटे होते? इंजिन गरम का होते आणि रेडिएटरचे पाणी कुठे फिरते? शब्द इंग्रजी राहू देत, पिस्टनला पिस्टनच म्हणावे, पण वाक्य आणि कारण मराठीत यावे. जिथे ती अडखळेल, तिथे तिला समजलेले नाही. तुम्हाला गाडीतले काही कळत नसले तरी चालेल. तुम्ही फक्त ‘म्हणजे काय?’ विचारत राहा. आणि या कामासाठी तुमच्या घरात एक उत्तम परीक्षक आहे, तिचे वडील.

त्यांच्या नकाराबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींची लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द होऊन मार्चपासून पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ट्रक अंगणात उभे राहिले. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. ज्या माणसाने हे भोगले आहे, त्याला मुलीने पुन्हा गाडीच्या कामाकडे जाऊ नये असे वाटणे अगदी साहजिक आहे. त्यांची भीती मी हलकी मानत नाही. पण त्या काळात मी एक फरक पाहिला. खाणीच्या ठरलेल्या रस्त्यावर ठरलेली फेरी मारणे एवढेच ज्यांना येत होते, त्यांची फार आबाळ झाली. त्याच खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक आणि डिझेल इंजिन मुळापासून समजलेले लोक होते. त्यांनी बांधकामाची यंत्रे, बोटींची इंजिने, जनरेटर अशी कामे धरली. त्रास त्यांनाही झाला, पण हातातली विद्या एका खाणीला बांधलेली नव्हती. तिने शिकावे ते असे. एका मॉडेलची गाडी दुरुस्त करण्यापेक्षा वीज कशी वाहते, दाब कसा पोचतो, घर्षण कुठे हवे आणि कुठे नको, हे शिकावे. रस्त्यावर विजेच्या स्कूटर वाढत आहेत. त्यांना कार्ब्युरेटर नाही, पण ब्रेक, बेअरिंग, वायरिंग आणि बॅटरी आहेच. तिच्या वडिलांना एक दिवस शाळेच्या वर्कशॉपला घेऊन जा आणि प्रशिक्षकांना सांगा की त्यांना मुलांशी बोलू द्या. इतकी वर्षे घाटातून भरलेला ट्रक सुखरूप उतरवणारा माणूस ब्रेकबद्दल जे सांगेल, ते पुस्तकात सापडणार नाही.

मुलगी गॅरेजात काम करणार का, हा घरातला न बोललेला प्रश्न असणार. त्याचे उत्तर मी दोन भागांत देतो. सुरक्षिततेची काळजी खरी आहे आणि ती स्पष्ट विचारावी: बाहेर प्रशिक्षणाला नेतील तेव्हा सोबत शिक्षिका असेल का, तिथे मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा आहे का, केस बांधून, ओढणी काढून, बंद बूट घालून काम करण्याची सक्ती सगळ्यांना सारखी आहे का. कायदाही लक्षात ठेवा. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावता येत नाही आणि १८ पर्यंत खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, धोकादायक प्रक्रिया यांत घेता येत नाही. शाळेची भेट आणि निरीक्षण वेगळे. सुट्टीत कुणा ओळखीच्याच्या गॅरेजात ‘शिकायला’ म्हणून दिवसभर बसवणे वेगळे. दुसरा भाग कामाच्या शक्यतांचा. पाना हातात घेऊन आयुष्यभर गाडीखाली झोपणे एवढेच हे क्षेत्र नाही. आरटीओतल्या मोटार वाहन निरीक्षकाच्या पदाला ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा लागतो. अपघाताच्या गाडीचे नुकसान ठरवणारा विम्याचा सर्व्हेअर, सर्व्हिस सेंटरमधला अ‍ॅडव्हायझर, सुट्या भागांचे कोठार सांभाळणारा, विमानतळावरची जमिनीवरची यंत्रे राखणारा, या सगळ्यांना गाडी आतून कळावी लागते. पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू आहे आणि तशी यंत्रे तिथे रोज चालतात. माझ्या वर्गातल्या मुलींबद्दल एक निरीक्षण सांगतो, नियम म्हणून नव्हे. त्या मुलांपेक्षा जास्त वेळा ‘सर, हे कळले नाही’ म्हणायच्या, आणि म्हणून त्यांचे काम कमी वेळा परत यायचे.

आयटीबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी घरातले म्हणतील की तेच घेऊ दे, पंख्याखाली बसून काम. आयटी वाईट नाही. पण नववी-दहावीच्या त्या विषयात मुख्यतः टायपिंग, कागदपत्रे आणि तक्ते येतात. तेवढे ती कोणत्याही विषयाबरोबर शिकेल, आणि शिकलेच पाहिजे. तिला स्वतःहून ऑटोमोबाईल हवे आहे, ही गोष्ट मी फार मोलाची समजतो. नववीतली मुले सहसा मैत्रिणीने घेतले म्हणून विषय घेतात. तिला विचारा, का हवे? ‘मस्त वाटते’ एवढेच उत्तर आले तरी चालेल. ‘बाबांची गाडी बंद पडली तेव्हा मला कळले नाही’ असे काही आले, तर मग अडवूच नका.

तुम्ही वर्कशॉप पाहून आलात आणि तिथे कुलूप दिसले, प्रशिक्षक नाही, कधी येणार माहीत नाही, असे उत्तर मिळाले, तर त्या शाळेत ऑटोमोबाईल घेऊ नका, आयटी घ्या. गाडीच्या कामाकडे वळायला दहावीनंतर डिप्लोमा किंवा आयटीआय आहेच. पण तसे झाले तर मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघाला लेखी पत्र द्या की कपाट कधी उघडणार. चार पालकांनी सह्या केल्या तर पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ते उघडण्याची शक्यता वाढते, आणि त्या पत्रावर तिच्या वडिलांची सही पहिली असावी.